आधी बेल्ट, मग मशीन : सुऱ्या घडवणाऱ्यांनी बेल्ट ग्राइंडर कसा निवडावा

बेल्ट ग्राइंडर म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्याने पोलाद घासणारं मशीन. तो एकदा नीट पाहून घेतला की वर्षानुवर्षं चालतो. बेल्ट मात्र सतत लागतात. म्हणजे मशीन निवडताना आपण खरं तर बेल्टचं एक माप निवडत असतो आणि ते माप मग आपल्याला सोडत नाही. माझं पहिलं मशीन २५ मिमी रुंद, ७६२ मिमी लांब बेल्टचं होतं, एकाच वेगाचं. त्या मापात साधा ६० ग्रिटचा बेल्ट मिळायचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा आकडा, जितका मोठा तितका दाणा बारीक), पण सिरॅमिक दाण्याचा मागितला की दुकानदार मान हलवायचा. त्याच मशीनवर मी ईएन-३१ या बेअरिंगच्या पोलादाचं एक पातं घालवलं. पाणी देऊन झालेलं, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून कडक केलेलं, भट्टीत उतरवून झालेलं, म्हणजे पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा घालवलेला, सरळ. टोकाकडे शेवटचा हात फिरवताना एका क्षणात सुपारीएवढा भाग आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि मग निळा झाला. निळा रंग म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस. जे पातं मी २०० अंशांवर उतरवलं होतं, त्याचं टोक तेवढ्यात नरम पडलं. मशीनला वेग कमी करायची सोयच नव्हती.

आता भांडुपच्या एका छोट्या गाळ्यात स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मासे कापायचे कोयते बनवतो. नवीन मुलं येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "दादा, कुठलं मशीन घेऊ?" त्यांना ज्या क्रमाने सांगतो त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

पहिली पायरी : बेल्ट कुठून येणार ते ठरवा

सुऱ्या बनवणाऱ्यांमध्ये जगभर रुळलेलं माप २ बाय ७२ इंच. आपल्याकडे ते ५० बाय १८३० मिमी म्हणून मागायचं. लांब बेल्टचे दोन फायदे. एक, दाणे जास्त असल्यामुळे तो उशिरा बोथट होतो. दोन, प्रत्येक दाणा पात्याला टेकून परत यायला जास्त वेळ घेतो, तेवढ्यात तो थंड होतो. शिवाय चांगल्या प्रतीचे सिरॅमिक आणि पिरॅमिड दाण्याचे बेल्ट याच मापात सगळ्यात सहज मिळतात.

मशीनचा दाम विचारायच्या आधी मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा. तिथे बेल्ट विकणारे आहेत आणि रोलमधून हव्या त्या लांबीचा बेल्ट जोडून देणारेही आहेत. ग्राइंडवेल नॉर्टन ही कंपनी तर मुंबईचीच आहे आणि तिचा जुना कारखाना उरणजवळ मोऱ्याला आहे. चेन्नईच्या कार्बोरंडम युनिव्हर्सलचा मालही इथे मिळतो. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : ५० बाय १८३० मध्ये सिरॅमिक ३६ किंवा ४० आणि ६० ग्रिट कायम असतं का, पातळ लवचीक कापडाचा, म्हणजे जे-फ्लेक्स, १२० च्या पुढे मिळेल का, आणि जोड कसा असतो.

जोडाकडे फार कमी लोक बघतात. टोकावर टोक चढवून केलेला जोड प्लॅटनवरून, म्हणजे बेल्टच्या पाठीमागच्या सपाट पट्टीवरून, जाताना दर फेरीला ठक् करतो. मोठा माल, म्हणजे जादा पोलाद, घासून काढताना त्याने काही बिघडत नाही. पण २२० वर आलात की तोच ठोका पात्यावर आडवी रेघ पाडतो आणि ती रेघ हाताने घासून काढण्यात संध्याकाळ जाते. टोकाला टोक भिडवून मागून पातळ टेप लावलेला जोड घ्या. बेल्ट हातात धरून जोडावरून अंगठा फिरवा. अंगठ्याला पायरी लागली तर तो बेल्ट फिनिशिंगला घेऊ नका.

जागा अगदीच कमी असेल तर ५० बाय १२२० मिमीचं मशीन चालेल. घरच्या गॅलरीत मात्र कुठलंच ठेवू नका. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ग्राइंडर ती सहज ओलांडतो. आवाजापेक्षाही लोखंडाच्या धुळीचा प्रश्न मोठा आहे. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या गाळ्यात एक कोपरा भाड्याने मिळवणं हा मुंबईत सगळ्यात शहाणा मार्ग. मी तीन वर्षं तसंच केलं.

दुसरी पायरी : मोटर आणि वेग

पैसे कमी असतील तर अटॅचमेंट, म्हणजे मशीनला लावायचे जोडभाग, कमी घ्या, मोटर आणि वेगनियंत्रण मात्र कमी घेऊ नका. माझं या बाबतीत मत पक्कं आहे : एका वेगाचं मशीन आणि सहा अटॅचमेंट, यापेक्षा बदलत्या वेगाचं मशीन आणि नुसतं प्लॅटन कधीही चांगलं.

आपल्या बहुतेक गाळ्यांमध्ये सिंगल फेज २३० व्होल्ट असतं. त्यावर वेग बदलायचा चांगला रस्ता म्हणजे थ्री फेज मोटर आणि तिला चालवणारा व्हीएफडी. हा डबा सिंगल फेज घेतो, थ्री फेज देतो आणि नॉब फिरवून हर्ट्झ बदलतो. मोटर २ एचपी, म्हणजे १.५ किलोवॉट घ्या. १ एचपीवर काम होतं, पण ३६ ग्रिटचा सिरॅमिक बेल्ट दाबला की मोटर बसते.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात पुष्कळ जण पडतात. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत येतात. स्टार आणि डेल्टा या मोटरीचं वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी २३० व्होल्टच थ्री फेज देतो. त्यामुळे मोटर डेल्टामध्ये जोडावी लागते आणि त्यासाठी टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर आलेली असावी लागतात. काही मोटरींमध्ये स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्येच मारलेली असते आणि बाहेर तीनच टोकं येतात. अशी मोटर २३० वर अर्धी ताकददेखील देत नाही. दुकानातच झाकण उघडायला लावा, सहा टोकं मोजा आणि नेमप्लेटवर २३० डेल्टा लिहिलंय का ते वाचा. मोटर पूर्ण बंद अंगाची, बाहेरून पंख्याने थंड होणारी हवी, कारण उघड्या मोटरीत लोखंडाची धूळ शिरते.

आता मोटर २ पोलची की ४ पोलची? पोल म्हणजे तिच्यातले चुंबकीय ध्रुव, जितके जास्त तितके फेरे कमी. ५० हर्ट्झला २ पोल साधारण २८८० फेरे घेते, ४ पोल १४४०. १०० मिमीचा ड्राइव्ह व्हील, म्हणजे मोटरीच्या शाफ्टवरचं बेल्ट फिरवणारं चाक, २ पोलवर लावला तर बेल्ट सेकंदाला १५ मीटर धावतो. १२५ मिमीचा व्हील ४ पोलवर लावला तर साडेनऊच्या आसपास, आणि व्हीएफडीवर ७५ हर्ट्झपर्यंत नेला तर १४. वरचा वेग जवळजवळ सारखाच. फरक खाली पडतो. त्याच १.५ किलोवॉटमध्ये ४ पोलचा पीळ (टॉर्क) दुप्पट असतो, त्यामुळे वेग उतरवल्यावरही बेल्ट अडत नाही. सुरीचं अर्धं काम मंद वेगातच असतं, म्हणून मी ४ पोल घेतली. मात्र १५ हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका. मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही मंद होतो आणि मोटर तापते.

कुठल्या कामाला किती वेग, हे माझ्या हाताला बसलेलं असं आहे. पाणी देण्याआधी माल काढताना १२ ते १५ मीटर. सिरॅमिक दाण्याला वेग आणि दाब दोन्ही हवेत, मंद चालवला तर दाणे तुटून नवी धार उघडत नाहीत आणि बेल्ट गुळगुळीत होऊन नुसता तापवतो. पाणी दिल्यानंतर ६ ते ८. पिरॅमिड दाण्याच्या फिनिशिंग बेल्टला आणि मुठीच्या लाकडाला ३ ते ५. शिसवाची मूठ जास्त वेगावर करपते आणि तो काळा डाग खोल जातो.

व्हीएफडी धूळबंद डब्यात हवा. माझा पहिला व्हीएफडी उघड्या जाळीचा होता, मशीनच्या मागे भिंतीवर लावलेला. आठव्या महिन्यात तो बंद पडला. उघडला तर आतल्या पट्टीवर लोखंडाची काळी लव चढली होती. ही धूळ वीज वाहून नेते, हे विसरू नका. पूर्ण लोडवर २ एचपीचा व्हीएफडी सिंगल फेजमधून १५ अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून त्याला वेगळी लाइन, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि पक्कं अर्थिंग द्या. एमसीबी व्हीएफडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्याचाच बसवा. हे सगळं सामान लोहार चाळीत मिळतं, जोडणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये स्विच बसवू नका. चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरून करा. तातडीने बंद करायचं लाल मश्रूम बटण गुडघ्याने दाबता येईल अशा जागी लावा, कारण गरज पडते तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असतात.

तिसरी पायरी : सांगाडा तपासा

मशीन ऑनलाइन मागवू नका, निदान पहिलं तरी. वागळे इस्टेट, वसई, रबाळे इथे मशीन बनवणारे किंवा ऑर्डरप्रमाणे बांधून देणारे आहेत. समोर उभं राहून चालवून बघा. जाताना खिशात एक गुण्या, एक मार्कर आणि चाकाची बारीक डगमग मोजणारी मॅग्नेटिक बेसची डायल ठेवा. डायल नसेल तर ओळखीच्या टर्नरकडून तासाभरासाठी मागा.

बेल्ट न लावता मोटर हळूहळू पूर्ण वेगावर न्या आणि टेबलावर एक नाणं उभं करा. ते पडलं तर व्हील संतुलित नाही किंवा सांगाडा हलका आहे. मोटर आणि मुख्य स्विच दोन्ही बंद करा, डायलचं टोक ड्राइव्ह व्हीलला लावा आणि व्हील हाताने फिरवा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर व्हील शाफ्टवरच चढवून पुन्हा टर्न करून द्यायला सांगा. चांगला बनवणारा याला नाही म्हणत नाही.

मग बेल्ट चढवा. वरचं ट्रॅकिंग व्हील मध्ये किंचित फुगीर असतं, त्या फुगवट्यामुळेच बेल्ट मध्यावर राहतो. नॉब एक अष्टमांश फिरवला की बेल्ट सरकायला हवा आणि सोडल्यावर तिथेच थांबायला हवा. बेल्टच्या पाठीवर मार्करने रेघ मारा आणि लाकडाचा तुकडा जोरात दाबा. बेल्ट दाबाखाली सरकून परत येत असेल तर ट्रॅकिंगच्या बिजागरीत ढिलाई आहे. ही ढिलाई पुढे पात्याच्या प्लंज लाइनवर दिसते. प्लंज लाइन म्हणजे मुठीजवळ उतार जिथे सुरू होतो ती कड. दोन्ही बाजूंच्या प्लंज समोरासमोर आल्या नाहीत की गिऱ्हाईक काही बोलत नाही, पण जाणकार माणूस सुरी खाली ठेवून देतो.

टूलिंग आर्मचं, म्हणजे अटॅचमेंट धरून मशीनच्या खाच्यात सरकणाऱ्या दांड्याचं, माप लिहून घ्या. परदेशी अटॅचमेंट बहुतेक दीड इंची चौकोनी आर्मवर येतात, म्हणजे ३८ मिमी. आपल्याकडे काही जण ४० मिमी चौकोनी पाइप वापरतात. मग बाहेरून घेतलेली अटॅचमेंट त्यात डुगडुगते. माझा सल्ला ३८ मिमीचाच, आणि आर्म पोकळ पाइपचा नको, भरीव हवा. एकाखाली एक असे दोन खाचे असतील तर फार बरं. खालच्या खाच्यात टेबलाचा आर्म कायम राहतो. बेअरिंगचे नंबर विचारा. ६२०२ किंवा ६२०३ सारखा साधा, रबर सीलचा नंबर असेल तर रविवार सोडून कधीही बदली मिळेल.

चौथी पायरी : अटॅचमेंट, एकेक करून

पहिलं प्लॅटन. सपाट उताराची सुरी पूर्णपणे यावरच बनते. साधं माइल्ड स्टील काही महिन्यांत मध्ये खोलगट होतं आणि पातं फुगीर उतरायला लागतं. तेव्हा माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो. प्लॅटनवर सिरॅमिक काचेची पट्टी चिकटवून घ्या, किंवा मी केलं तसं ओएचएनएस या हत्यारांच्या पोलादाची पट्टी घेऊन ती कडक करून सरफेस ग्राइंडिंग, म्हणजे मशीनवर अचूक सपाट घासणी, करून घ्या. काच जास्त टिकते आणि बेल्टही तिच्यावर सहज सरकतो, पण कडेला पातं आपटलं तर तिचा टवका उडतो. दर आठवड्याला गुण्याची कड प्लॅटनवर ठेवून मागून उजेड धरा. फटीतून उजेड दिसला की पट्टी बदलायची वेळ झाली.

त्याच्यासोबतच टेबल. त्याशिवाय मशीन घरी आणू नका. टेबल प्लॅटनशी काटकोनात उभं राहिलं पाहिजे आणि तिरकंही करता आलं पाहिजे. आता थोडा हिशेब. स्वयंपाकघरातली सुरी पाठीला अडीच मिमी जाड आणि पातं ४० मिमी उंच असेल, तर पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतारासाठी एका बाजूचा कोन दोन अंशांपेक्षाही कमी येतो. इतका बारीक कोन डोळ्याने धरणं नवीन माणसाला अवघड जातं. म्हणून पात्याच्या धारेची कड मार्करने रंगवा, त्यावर बरोबर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ०.२ मिमी अंतरावर दोन रेघा स्क्राइबरने ओढा आणि टेबलावर पातं टेकवून आधी ४५ अंशात त्या रेघांपर्यंत कड मोडा. नव्या बेल्टचे दाणे तीक्ष्ण कडेवर घासून झडतात, ते या एका गोष्टीने वाचतात. मग टेबल काढा आणि मोकळ्या हाताने पातं पाठीकडे हळूहळू झुकवत उतार वर चढवत न्या. कोपरं बरगड्यांना चिकटलेली असू द्या, आणि पातं हातांनी न सरकवता कमरेतून सगळं अंग डावी-उजवीकडे झुलवा. उतार पाठीपासून २ मिमीवर आला की थांबा, तेवढं फिनिशिंगला राखून ठेवायचं.

दुसरी अटॅचमेंट माझ्या मते छोटी चाकं, साधारण १२, २०, २५ आणि ३८ मिमी. सगळे आधी काँटॅक्ट व्हीलकडे, म्हणजे बेल्टमागच्या मोठ्या रबरी चाकाकडे, धावतात. पण आपल्याकडे कोयता, विळा, बोटं बसायच्या खाचा, मुठीची आतली वळणं हे सगळं आतल्या बाकाचं काम आहे आणि ते छोट्या चाकाशिवाय कानशीनेच करावं लागतं. इथे वेगाची काळजी घ्या. १२ मिमीचं चाक सेकंदाला १५ मीटर बेल्टवर मिनिटाला जवळजवळ २४ हजार फेरे घेतं. बेअरिंग मिनिटांत तापतं आणि ग्रीस बाहेर येतं. ३ मीटरवर आणलं तर पाच हजारांच्या आत राहतं. वेगनियंत्रण आधी का घ्यायचं, ते इथे पुन्हा दिसतं.

काँटॅक्ट व्हील घ्या, पण पोकळ उतार, म्हणजे पात्याच्या बाजू आत खोलगट घासणं, खरोखर करणार असाल तेव्हा. चाक जितकं मोठं तितकी पोकळी उथळ. २५ मिमी उंच उतारात २०० मिमीचं चाक मध्ये साधारण ०.७८ मिमी खोल जातं, २५० मिमीचं ०.६३ आणि ३०० मिमीचं ०.५२. दोन्ही बाजूंनी ही पोकळी मोजा म्हणजे लक्षात येईल की पातळ पात्यावर लहान चाक किती धोक्याचं आहे. शिकारी किंवा कॅम्पिंगच्या सुरीला पोकळ उतार शोभतो. स्वयंपाकघरात मी तो करत नाही. बटाटा किंवा दुधी कापताना फोड त्या खोबणीत चिकटते. घेतलंच तर २५० मिमीचं, ७० शोरच्या (रबराचा कडकपणा मोजायचं माप) आसपास कडक रबराचं घ्या.

प्लॅटन मागे सारून दोन चाकांमध्ये मोकळा सोडलेला बेल्ट, म्हणजे स्लॅक, हीसुद्धा एक अटॅचमेंटच समजा, फुकटची. मुठीची गोलाई आणि कोयत्याचा फुगीर उतार यावरच उत्तम येतो.

सरफेस ग्राइंडिंगचं मॅग्नेटवालं अटॅचमेंट मोहात पाडतं. मुंबईत ते घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सरफेस ग्राइंडिंगचं जॉब वर्क करणारा गाळा असतो. दहा पट्ट्या एकदम द्या, त्याचं मशीन मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत अचूकता सांभाळतं आणि आपल्याकडे जागाही अडत नाही.

धूळ, ठिणगी, कायदा

साधा कापडी मास्क पुरत नाही. रबराचा अर्धा मास्क आणि पी-३ किंवा पी-१०० फिल्टर घ्या. शिसवाची धूळ कातडीला आणि छातीला सोसत नाही, मायकार्टा आणि जी-१० या मुठीच्या रेझिनच्या पट्ट्यांची तर अजिबात नाही. बेल्टखाली पाण्याची बादली ठेवा, ठिणग्या त्यात जाऊ द्या. पोलाद आणि लाकूड यांची धूळ एकाच व्हॅक्यूमच्या पिशवीत कधीही जमवू नका. ठिणगी भुशात तासभर धुमसते आणि आपण गाळा बंद करून निघून गेल्यावर पेटते. विणलेले हातमोजे, लोंबती बाही, गळ्यातली साखळी नको. पाणी दिलेलं पातं उघड्या हाताने धरा. बोटाला चटका बसायच्या आधीच पाण्यात बुडवा. पॉलिशच्या मऊ बेल्टवर धार बेल्टच्या धावेच्या दिशेलाच ठेवा, उलटी धरलीत तर बेल्ट पातं ओढून घेतो.

आणि आर्म्स रूल्स, २०१६ वाचून घ्या. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाची नसेल तर ती शस्त्रांच्या यादीत येते. तलवार, खंजीर यांची ऑर्डर मी घेत नाही.

पावसाळ्यातलं मशीन

जून ते सप्टेंबर बेल्टचा जोड हा सगळ्यात कच्चा दुवा असतो. दमट हवेत कापड पाणी पितं, बेल्ट कडेला वळतो आणि जोड सुटतो. सुटलेला बेल्ट चाबकासारखा येतो, म्हणून चालू करताना बेल्टच्या रेषेत उभं राहू नका. बेल्ट घडी घालून ठेवू नका, जाड पाइपवर लटकवा आणि तो पाइप झाकणाच्या कपाटात ठेवा. मी कपाटात एक छोटा बल्ब लावून ठेवतो, तेवढी ऊब पुरते.

काम संपल्यावर लिव्हर दाबून बेल्ट उतरवा. ताणलेला बेल्ट रात्रभर राहिला तर स्प्रिंगही थकते आणि काँटॅक्ट व्हीलच्या रबरावर सपाट डाग पडतो. प्लॅटनच्या मागची काळी धूळ ब्रशने खाली पाडा, फुंकर मारू नका, ती डोळ्यात जाते. ब्लोअरने व्हीएफडीच्या डब्याकडे धूळ उडवू नका. आर्म बाहेर ओढून त्यावर तेलाचा बोळा फिरवा, नाहीतर जुलैमध्ये तो खाच्यात गंजून बसतो आणि घणाने काढावा लागतो. अर्धवट पात्यांवर मी खोबरेल तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळतो, कारण उघडं ठेवलेलं ईएन-३१ भांडुपच्या हवेत सकाळपर्यंत तांबूस झालेलं असतं.